मन्मथ सरांचं शैक्षणिक मशीन

मन्मथ बिराजदार सरांना मी चौदा वर्षांपासून ओळखतो. लातूरच्या ट्यूशन एरियात बापूसाहेबांच्या शिखरबिंदू अकॅडमीत ते फिजिक्स शिकवतात आणि मी केमिस्ट्री. आमचे वर्ग शेजारी शेजारी आहेत. मधली भिंत प्लायवूडची असल्यामुळे माझ्या पोरांना अणूबरोबर थोडा न्यूटनही फुकटात मिळतो.

सरांचा फोटो शहरातल्या तीन चौकांत आहे. छातीवर हाताची घडी, अंगात निळा कोट, नजर क्षितिजावर. लातुरात हाताची घडी न घालता फोटो काढलेला प्राध्यापक मी अजून पाहिलेला नाही. फोटोखाली सरांचं वाक्य आहे: ‘मोबाईल ठेवा खाली, मेडिकल येईल दारी.’ हे वाक्य बापूसाहेबांनी लिहिलं. पण सरांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालक सभा असते. त्यात सर वीस मिनिटं मोबाईलवर बोलायचे. आदल्या आठवड्यात जप्त केलेला एखादा मोबाईल टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “हा विंचू आहे. तुम्ही तुमच्या लेकराच्या खिशात विंचू ठेवता का?” मग गेमवर यायचे. गेम खेळणाऱ्या पोराचे डोळे कसे होतात, बोटं कशी वळतात, आईबापाला ते कसं ओळखेनासं होतं. हदगावपासून देगलूरपर्यंतच्या आया पदर डोळ्यांना लावायच्या. सभा संपल्यावर पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू व्हायचे.

गेल्या वर्षी श्रावणात असाच एक मोबाईल जप्त झाला. सरांनी तपासणीसाठी पासवर्डही विचारून घेतला आणि शनिवारी दुपारी मोबाईल घरी नेला. मला म्हणाले, “नुसतं वाईट वाईट म्हणून चालत नाही. शत्रूचा अभ्यास पाहिजे.”

त्या मोबाईलमध्ये ट्रक चालवायचा गेम होता. माल भरायचा, घाट चढायचा, उतरायचा, दुसऱ्या गावात खाली करायचा. बाकी काही नाही. सरांनी शनिवार, रविवार शत्रूचा अभ्यास केला. सोमवारी मोबाईल ऑफिसात जमा झाला तेव्हा त्या पोराच्या खात्यात तीन नवे ट्रक आणि हैदराबादपर्यंतचं परमिट होतं. पोरगं हुशार, त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

इथे सरांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचं गाव लोह्याच्या अलीकडे, रस्त्यालगत. लहानपणी ते मैलाच्या दगडावर बसून ट्रक मोजायचे. ड्रायव्हर व्हायचं ठरलं होतं. पण दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले आणि त्या काळी अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या पोराला गावात कुणी ट्रकजवळ फिरकू दिलं नसतं. सर बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, होर्डिंगवर गेले. ट्रक राहिला.

मोबाईल परत गेल्यावर आठ दिवस गेले. नवव्या दिवशी स्टाफरूमचं दार लावून मला म्हणाले, “एक शैक्षणिक मशीन घ्यावं म्हणतो.”

“म्हणजे?”

“कॉम्प्युटर. जरा दणकट. थ्रीडी ऍनिमेशन वगैरे करता आलं पाहिजे. पोरांसाठी.”

“कोणत्या पोरांसाठी?”

“आपल्याच हो,” सर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. थोड्या वेळानं आपण होऊनच म्हणाले, “खरा ट्रकचा गेम कॉम्प्युटरवर असतो. मोबाईलवरचा म्हणजे नुसतं खेळणं.”

त्यानंतर दोन महिने सरांनी अभ्यास केला. तयार कॉम्प्युटर घेण्यापेक्षा एकेक पार्ट निवडून जोडलेला चांगला, हे त्यांना व्हिडिओंवरून कळलं होतं. व्हिडिओ ते दीडपट वेगानं पाहायचे, कारण आमचे विद्यार्थीही लेक्चर तसंच पाहतात. एक लांब रजिस्टर केलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, असे रकाने. प्रत्येक पार्टाला कुठल्या कुठल्या चाचणीत किती मार्क पडले ते लिहिलं आणि गुणवत्ता यादी लावली. लातूरच्या माणसाला दुसरी पद्धत माहीत नाही. आम्ही भाजी आणायला गेलो तरी आधी कटऑफ विचारतो.

यादीत पहिला आला तो प्रोसेसर सरांनी निवडला. त्याला सोळा कोर होते, म्हणजे एकाच्या पोटात सोळा मेंदू. सर म्हणाले, “सोळाचे सोळा विषय एकदम सोडवतो.” त्याच्या तोलाचा मदरबोर्ड निवडला. चौसष्ट जीबीची रॅम धरली. एवढ्याचा हिशेब झाल्यावर खिशात जे उरत होतं त्यात ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट बसवायचं होतं. एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारी पेटी. ती कॅबिनेटबरोबर फुकट मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

खरेदीसाठी ते आधी गंजगोलाईकडच्या एका दुकानात गेले. मालक उठून पाया पडला. त्याचा पुतण्या आमच्या रेग्युलर बॅचला होता. “सर, तुम्ही इकडं? हा तर गेमिंगचा काउंटर आहे.” सरांनी माऊसखाली ठेवायचा एक पॅड घेतला आणि परत आले. लातुरात त्यांना ओळखत नाही असा पालक नव्हता आणि पालक नाही असा दुकानदार नव्हता.

म्हणून नांदेड ठरलं. माझी सासुरवाडी नांदेडची, त्यामुळे मला बरोबर घेण्यात सोय होती. रविवारी सकाळी आम्ही निघालो. अहमदपूर मागं टाकलं, लोह्याला चहा घेतला. समोरून दहा टायरी ट्रक आला की सर गाडी बाजूला घेऊन त्याला वाट द्यायचे आणि तो गेला की आरशात पाहत राहायचे.

वजिराबादच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक दुकान होतं. पाटी साधी होती: ‘कॉम्प्युटर जोडून मिळतील.’ आत टेबलावर एक मशीन उघडं पडलं होतं आणि त्यावर वाकून एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी स्क्रू पिळत होती. तिनं वर पाहिलं, क्षणभर थांबली, मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून खुर्च्या पुढं केल्या.

“बसा. काय बनवायचंय?”

सरांनी रजिस्टर उघडून तिच्यापुढं ठेवलं. तिनं बोट फिरवत सगळं पान वाचलं.

“वापर काय, सर?”

“शैक्षणिक,” सर म्हणाले. “थ्रीडी ऍनिमेशन.”

“ऍनिमेशन असंल तर ही यादी कशीबशी चालंल. गेम असंल तर घेऊन पस्तावाल. म्हणून विचारून राहिले.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“समजा,” सर म्हणाले, “एखाद्या विद्यार्थ्याला गेम खेळायचा असेल. तर?”

“कोणता, समजा?”

“समजा, ट्रकचा.”

ती हसली नाही. हे मला तिचं मोठेपण वाटलं. “मग तुमच्या विद्यार्थ्याला सांगा,” ती म्हणाली, “सगळं एकाच पोरावर लावू नये. तुम्ही प्रोसेसर बोर्डात पहिला आलेला घेतलाय आणि बाकीच्यांना रिपीटर बॅचला बसवलंय. पडद्यावर चित्र काढायचं ते ग्राफिक्स कार्डानं. ते हे असलं घेतल्यावर घाट चढताना ट्रक अडकत अडकत जाईल, आणि तो सोळा कोरवाला बाजूला हाताची घडी घालून उभा राहील.”

सरांचे हात घडीतच होते. ते त्यांनी सोडले.

तिनं पान उलटून मागच्या बाजूला नवी यादी मांडली. सहा कोरचा प्रोसेसर. साधा पण नावाजलेला बोर्ड. रॅम बत्तीसची, “सोळातही भागतं. रॅमचे भाव यंदा सोन्याच्या मागं लागलेत, चौसष्टचा हट्ट धरू नका.” जे वाचलं ते सगळं ग्राफिक्स कार्डात घातलं. मग म्हणाली, “पडदा?”

“घरचा जुना टीव्ही आहे.”

“तो सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. तुमच्या विद्यार्थ्याला चालणार असंल तर राहू द्या. पण मग याहून महागडं कार्ड घ्यायला आला तर मी देणार नाही. कार्ड कितीही पळालं तरी टीव्हीवर दिसणार साठच.”

वाद झाला तो फक्त एसएमपीएसवर. त्या विषयात सर स्वतःला अधिकारी समजत. त्यांनी पेन काढून बेरीज केली: कार्डाचे दोनशे वॉट, प्रोसेसरचे शंभर, बाकी किरकोळ पन्नास. साडेतीनशे. फुकटातल्या पेटीवर साडेचारशे लिहिलेलं. “शंभर वॉट शिल्लक राहतात,” सर म्हणाले. “विषय संपला.”

तिनं मागच्या फळीवरून दोन पेट्या काढल्या आणि सरांच्या दोन हातांत एकेक दिली. “वजन बघा.”

एक जड होती. दुसरी रिकाम्या डब्यासारखी.

“दोन्हींवर साडेचारशेच लिहिलंय,” ती म्हणाली. “हलकीवर लिहिलेला आकडा होर्डिंगवरच्या आकड्यासारखा असतो, सर. आणि कार्ड कधी कधी क्षणभर दुप्पट ओढतं, ते बेरजेत येत नाही. साडेसहाशेची घ्या, नावाजलेली घ्या. ही गेली की एकटी जात नाही, सगळ्यांना घेऊन जाते.”

सरांनी हलकी पेटी टेबलावर ठेवली, जड हातातच ठेवली. मग म्हणाले, “तू फिजिक्स कुठं शिकलीस?”

“तुमच्याकडं.”

तिचं नाव पुनम. हदगावची. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन वर्षं रिपीटर बॅचला होती, मागून दुसरा बाक. सरांना आठवेना. मलाही आठवेना, आणि मी तिला दोन वर्षं केमिस्ट्री शिकवली होती. आमच्या स्मरणशक्तीचं असं आहे की ती सहाशे मार्कांच्या वर चालू होते.

“मग मेडिकलला…” सर म्हणाले.

“न्हाई लागलं. बी.सी.ए. केलं. मग हे.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “तुम्ही मला म्हणायचा, पुनम, तुझं लक्ष फळ्याकडं नसतं, वरच्या पंख्याकडं असतं. खरं होतं ते. त्या पंख्याचं बेअरिंग गेलेलं. मी दोन वर्षं ऑफिसात सांगून राहिले होते, तो एक दिवस कुणाच्या तरी डोक्यात पडंल म्हणून.”

सरांनी विचारायला नको होतं, पण विचारलं, “मग ऑफिसातून काय म्हणाले?”

“म्हणाले, आधी फी भर.”

तो पंखा अजून तोच आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

निघताना तिनं विचारलं, “ट्रकसाठी स्टिअरिंग लागंल. पायाखाली ब्रेक, ऍक्सिलरेटर. देऊ?”

सरांच्या चेहऱ्यावर जी ओढ दिसली ती मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेली नाही. पण स्टिअरिंगला शैक्षणिक कारण सापडेना. ते राहिलं.

कॅबिनेटवरून मात्र घात झाला. कार्ड तेहतीस सेंटिमीटर लांब आणि पुनमकडच्या साध्या काळ्या कॅबिनेटात जागा तीसचीच. लांब कार्ड मावेल असं एकच शिल्लक होतं: काचेचं, सात पंख्यांचं, प्रत्येक पंख्याला रंगीत दिवे. “चार दिवस थांबा, साधं मोठं मागवते,” पुनम म्हणाली. सर दोन महिने थांबले होते. चार दिवस थांबायची त्यांची तयारी नव्हती. दिवे बंद करायची सोय असते एवढं त्यांनी ऐकलं. ती कशी वापरायची ते ऐकायला थांबले नाहीत.

सरांचं घर औसा रोडला, दुसऱ्या मजल्यावर. समोर मुलांचं वसतिगृह. सोमवारी संध्याकाळी दिवेलागणीला समोरच्या पोरांना सरांच्या खिडकीच्या पडद्यामागं लाल, निळा, हिरवा उजेड फिरताना दिसला. मंगळवारीही दिसला. बुधवारपर्यंत वसतिगृहानं निष्कर्ष काढला: बिराजदार सरांनी घरात स्टुडिओ टाकला. सर स्वतःचा ऑनलाइन क्लास काढतायत.

सरांच्या बायकोनं, विमलवहिनींनीही विचारलं होतं. त्या कन्याशाळेत मराठी शिकवतात. “हे काय आहे?” “शैक्षणिक मशीन.” “मग त्यात कांदे भरलेला ट्रक कशासाठी?” “घर्षण समजावून सांगायला.” वहिनींनी मान हलवली आणि वह्या तपासायला घेतल्या. पोरांची उत्तरं तपासून तपासून त्यांना कोणतंही उत्तर ऐकून घ्यायची सवय झालेली आहे.

बातमी गुरुवारी बापूसाहेबांच्या कानी गेली. आमच्या धंद्यात मास्तर फुटणं म्हणजे धरण फुटल्यासारखं. एक फिजिक्सवाला गेला की मागं तीनशे पोरं जातात. रविवारी सकाळी दहा वाजता बापूसाहेब पेढे घेऊन सरांच्या दारात उभे राहिले. बरोबर मलाही घेतलं होतं, साक्षीला की दबावाला ते मला कळलं नाही.

सर तेव्हा घाटात होते. बेल वाजली, वहिनींनी दार उघडलं आणि बापूसाहेब सरळ आतल्या खोलीत. सरांनी टीव्ही बंद केला, पण सात पंखे चालूच होते. खोली लग्नाच्या मांडवासारखी दिसत होती.

“मन्मथराव,” बापूसाहेब खाटेवर बसत म्हणाले, “काही कमी पडलं का आपल्याकडं?”

“नाही हो. कामून?”

“मनात काही असंल तर बोला. पगाराचं बघू आपण. वीस टक्के आजपासून समजा. हे स्टुडिओचं डोक्यातून काढा.”

सरांना काही कळेना. मला कळलं होतं, पण मला बोलायची सोय नव्हती. सर म्हणाले, “स्टुडिओ नाही हे. हे… थ्रीडी ऍनिमेशन. फिजिक्सचं. आपल्या पोरांसाठी.”

बापूसाहेबांनी पेढ्याचा बॉक्स खाली ठेवला. ते उठले, मशीनभोवती फिरले, काचेवर बोट ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत आधी लाल, मग निळा, मग हिरवा उजेड पडला.

“स्वतःच्या खिशातून?”

सरांनी मान डोलावली.

“असा माणूस लातुरात दुसरा नाही,” बापूसाहेब मला म्हणाले. “उद्या हे मशीन क्लासला जाईल. असल्या चिजा घरात ठेवायच्या नसतात.”

सोमवारी टेम्पो आला. सरांनी कापसाच्या गाठीसारखं ते मशीन दोन चादरींत गुंडाळलं आणि स्वतः टेम्पोत मागं बसून गेले. आठवड्याच्या आत चौकातलं होर्डिंग बदललं: ‘मराठवाड्यात प्रथमच! व्हर्च्युअल थ्रीडी फिजिक्स लॅब.’ फोटोत सर, हाताची घडी आणि मागं सात पंखे.

मशीन रिसेप्शनच्या पुढं काचेच्या कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप. पडद्यावर काय दाखवायचं हा प्रश्न आला, कारण ऍनिमेशन कुणालाच येत नव्हतं. शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी कुठूनशी हायड्रोजनच्या अणूची चित्रफीत आणली. मधे एक गोळी, भोवती एक गोळी फिरतेय. ती फिजिक्सची की केमिस्ट्रीची यावर मी बोललो नाही. दोनशे वॉटचं कार्ड आणि सहा कोरचा प्रोसेसर सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत एक इलेक्ट्रॉन फिरवत बसले. माझ्या साध्या मोबाईलवरही ती चित्रफीत चालली असती. पण मोबाईल म्हणजे विंचू.

सर रोज लेक्चरला जाताना कपाटापुढं थांबायचे. एकदा मला म्हणाले, “तापमान फक्त छत्तीस अंश आहे. काहीच काम नाही त्याला.” निवृत्तीनंतर बसून राहिलेल्या वडिलांविषयी बोलावं तसे बोलले.

पुढची पालक सभा आली. त्या दिवशी गर्दी दुप्पट होती. लॅब बघायला लोक आले होते. बापूसाहेबांनी कपाट ढकलत सभागृहात आणलं आणि शेजारी सरांना उभं केलं. सरांनी मोबाईलचे तोटे सांगायला सुरुवात केली. पण त्या दिवशी जोर लागेना. विंचू आला, डोळे आले, बोटं आली, आणि दर वाक्याला सर बाजूच्या कपाटाकडे बघत होते.

पुढच्या रांगेत अर्धापूरच्या केवळाबाई होत्या. त्यांची केळीची बाग होती आणि नात आमच्या क्रॅश बॅचला. त्यांनी हात वर केला.

“सर, ह्याच्यात पंखे किती?”

“सात.”

“कामून एवढे?”

“आतले पार्ट तापतात. थंड ठेवावे लागतात.”

“आमची विहिरीवरची मोटर पाच हॉर्सपॉवरची हाय. तिला येकच पंखा,” केवळाबाई म्हणाल्या. “आन् हे करतं काय?”

सरांनी पडद्याकडं बोट दाखवलं. “हा अणू फिरतोय.”

केवळाबाईंनी चष्मा वर करून त्या गोळीकडं पाहिलं. “येवढुसं फिरवायला सात पंखे?”

सभागृहात थोडी चुळबूळ झाली. बापूसाहेब पुढं सरकले, पण सरांनी माईक सोडला नाही. मला पुढं काय होणार ते दिसलं.

“खरं सांगू का, मावशी,” सर म्हणाले, “हे गेमचं मशीन आहे. मी माझ्यासाठी घेतलं होतं. मला ट्रक चालवायचा गेम खेळायचा होता. जप्त केलेल्या मोबाईलवर लागला तो नाद. पार्ट नांदेडहून निवडून आणले. थ्रीडीबिडी काही नाही.”

आधी बापूसाहेब मोठ्यानं हसले. त्यांच्या मागोमाग पहिली रांग हसली, मग दुसरी, मग सगळं सभागृह. मागून कुणीतरी म्हणालं, “सर लई गमती हायेत.” टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनी माईक घेतला. “एवढा मोठा माणूस, पण श्रेय घ्यायला तयार नाही. बघा, शिका.” पुन्हा टाळ्या. चौदा वर्षांत सरांनी केलेल्या भाषणांत सगळ्यात जास्त टाळ्या त्या सहा वाक्यांना पडल्या.

हसल्या नाहीत त्या केवळाबाई. सभा सुटल्यावर त्या सरांपाशी आल्या. “गेमचं हाय तर घरी न्या की,” म्हणाल्या, आणि नातीला घेऊन बसस्टँडकडं गेल्या.

पण मशीन घरी नेता येत नव्हतं. ते होर्डिंगवर होतं, माहितीपुस्तिकेत होतं, आणि त्याच्या नावावर फी वाढली होती. त्या महिन्यात सरांचा वीस टक्के वाढलेला पगार आला. तो घेऊन सर रविवारी सकाळी माझ्याकडे आले. “नांदेडला चला.”

पुनमच्या दुकानात या वेळी रजिस्टर नव्हतं. सर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “मला ट्रकचा गेम खेळायचाय. मीच खेळणार आहे. विद्यार्थी नाही. रविवारी दुपारी एक तास, फार तर दोन. टीव्ही साठचाच आहे. दिवे नकोत.”

“एवढ्याला मागच्याइतकं लागत न्हाई,” पुनम म्हणाली. “एक तासासाठी मधलं कार्ड बास झालं. ते लांबीलाही कमी आहे, साध्या कॅबिनेटात बसतं. प्रोसेसर सहा कोरचाच ठेवू. रॅम सोळा. फक्त पेटीत काटकसर करणार न्हाई मी.”

“करू नको,” सर म्हणाले.

तिनं दीड तासात आमच्यासमोर जोडलं. सर शेजारी स्टूल घेऊन बसले होते. प्रोसेसर बोर्डावर ठेवताना दाबायचा नसतो, नुसता सोडायचा असतो. कोपऱ्यावरच्या खुणेला खूण जुळली की आपोआप बसतो, हे तिनं दाखवलं. रॅमची पट्टी सरांनी स्वतः लावली. दोन्हीकडून टक् असा आवाज येईपर्यंत. आवाज आल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि पुनम म्हणाली, “बरोबर.” एवढं साधं ‘बरोबर’ सरांना कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, मी हिशेब करत होतो.

मग सर म्हणाले, “पुनम, मला तू आठवत नाहीस. मी पुष्कळ आठवून पाहिलं.”

“मला माहितंय, सर.”

“वाईट वाटतं.”

ती थोडा वेळ केबल बांधत राहिली. “दोनशे पोरं असायची वर्गात,” ती म्हणाली. “सगळी कशी आठवतील. स्टिअरिंग देऊ?”

“दे.”

पुनमचा धंदा त्या वर्षी लातुरात वाढला. आमचं होर्डिंग पाहून आणखी तीन क्लासवाल्यांनी तिच्याकडून थ्रीडी लॅबसाठी मशीनं जोडून घेतली. एकानं दहा पंख्यांचं मागितलं. ती प्रत्येकाला वापर विचारते. सगळे शैक्षणिक म्हणतात. त्यांना ती दुसऱ्यांदा विचारत नाही. दिवे लावून देते. अणूची चित्रफीतही भरून देते, तिचे वेगळे घेते.

सरांचं नवं मशीन काळं आहे, बुटकं आहे आणि त्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. वसतिगृहाला काही दिसत नाही. पालक सभेत सर आता मोबाईलवर सात-आठ मिनिटंच बोलतात. विंचू काढून टाकला. बापूसाहेबांना वाटतं, सर थकले.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर खुर्चीवर विमलवहिनी होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चष्मा नाकावर, उतारावरून संत्र्यांचा ट्रक चाललेला. सर बाजूला स्टुलावर बसून केळं खात होते.

“ह्या माझ्यापेक्षा चांगलं चालवतात,” सर मला हळूच म्हणाले. “वळणावर इंडिकेटर देतात.”

“बोलू नका हो,” वहिनी म्हणाल्या. “पुढं टोल आहे.”

आम्ही दोघं गप्प बसलो. टोलवर रांग होती. वहिनींनी ट्रक रांगेत लावला, हँडब्रेक ओढला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबल्या.